टीव्हीचा सत्कार

माझी आयुष्यात एकदाच कसून चौकशी झाली, आणि तीही कॅनडात, वॉटर्लूमध्ये, एका मिरजकर गृहस्थांच्या डायनिंग टेबलावर. आरोप असा की बेसमेंटमधल्या भाडेकरूने, म्हणजे मी, थर्मोस्टॅटला हात लावून घराचं तापमान दोन अंशांनी वाढवलं. बाहेर उणे अठ्ठावीस होतं. त्या जानेवारीत वॉटर्लूत अशी थंडी पडली होती की मी नागपूरला फोन केला की तिकडे आईला शिंका यायच्या.

काका माझ्यासमोर बसले. टेबलावरचा दिवा त्यांनी माझ्या तोंडाकडे वळवला. आणि मग काहीही बोलले नाहीत. नुसते बसले. पहिल्या मिनिटात मी थर्मोस्टॅट कबूल केला. दुसऱ्या मिनिटात काकूंनी झाकून ठेवलेल्या शंकरपाळ्या कबूल केल्या. तिसऱ्या मिनिटात सांगितलं की अंगणातली बर्फ काढायची शोव्हल बर्फाने नाही मोडली, ती मीच तिच्यावर बसून घसरगुंडी करताना मोडली. चौथ्या मिनिटाला मी आठवीतल्या एका कॉपीबद्दल सांगायला तोंड उघडलं, तेव्हा स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, पुरे आता. मुलगा बारशापर्यंत मागे जाईल."

काका उठले, दिवा सरळ केला आणि समाधानाने म्हणाले, "मेजर असाच बोलतं करायचा माणसाला. स्वतःचं तोंड न उघडता."

हे सगळं खरं आहे. पुढे जिथे खोटं वाटेल तिथे तर फारच खरं आहे.

हा मेजर म्हणजे सोव्हिएत टीव्हीवरच्या एका जुन्या, अकरा भागांच्या, काळ्या-पांढऱ्या मालिकेचा नायक. काका तरुणपणी पोलादाच्या कामाचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं तिकडे होते, उरल पर्वताजवळच्या एका कारखान्याच्या गावात. तिथे हॉस्टेलच्या टीव्हीवर त्यांनी ही मालिका पाहिली आणि बस्स, ते कामातून गेले. मग भारतात परतले, तिथून कॅनडात आले, कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि एवढ्या काळात मालिकेतला एकही माणूस त्यांच्या डोक्यातून हलला नाही. पुढे कधीतरी शेजारच्या किचनरमध्ये एक रशियन किराणा दुकान निघालं. तिथे खारवलेले मासे, लोणच्याच्या काकड्या आणि व्हिडिओ कॅसेट एकाच फळीवर असत. काकांना तिथे तो अकरा भागांचा संच सापडला. त्या कॅसेटना शेवटपर्यंत माशांचा वास येत होता. काका म्हणायचे, "वास नाही तो. वातावरण आहे."

इतर मालिकांबद्दल त्यांचं मत एका वाक्यात संपायचं. "अमेरिकन मालिकेत माणसानं दार उघडलं की गोळी सुटते. आपल्या मालिकेत माणसानं दार उघडलं की दार उघडतं."

'आपल्या' म्हणजे सोव्हिएत. मिरजेचा माणूस, कॅनडाचा नागरिक आणि मालिका आपली.

मालिकेत दारं खरंच सावकाश उघडायची. मेजर जिना चढायचा, तर सगळे मजले चढेपर्यंत कॅमेरा मागे. मेजर बटाटा सोलायचा, तर अख्खा बटाटा. एकदा मी पाचव्या भागात मेजर खिडकीशी उभा राहिला तेव्हा वर जाऊन कपडे वॉशिंग मशीनमधून काढून ड्रायरमध्ये टाकून आलो, तरी तो तिथेच होता. काकांनी मला त्या अपराधासाठी पुढच्या शनिवारी मागच्या रांगेत बसवलं.

तर शनिवार. दर शनिवारी दुपारी तीन वाजता माझं बेसमेंट माझं राहायचं नाही. पलंग भिंतीशी उभा व्हायचा, घड्या घातलेल्या खुर्च्या उघडायच्या, आणि वॉटर्लूतली वीसेक मराठी माणसं बूट वर काढून, मोजे सावरत खाली उतरायची. इंटरव्ह्यूच्या कॉलची वाट बघणारे, पीआरच्या, म्हणजे कायम राहायच्या परवान्याच्या, कागदांची वाट बघणारे, बायकोच्या व्हिसाची वाट बघणारे. आता मला वाटतं, म्हणूनच यायचे. मेजर खिडकीशी उभा राहून वाट बघायचा, ती आमच्या सगळ्यांच्या वतीने बघायचा, आणि आमच्यापेक्षा पुष्कळ ऐटीत.

नियम तीन. मध्ये बोलायचं नाही. मध्ये वॉशरूमला जायचं नाही. आणि चहा काळा प्यायचा, त्यात काकूंचा साखरांबा घालून. "तिकडे चहात जॅम घालतात," काका सांगायचे, "पण त्यांच्याकडे हापूस नाही. ती त्यांची अडचण."

सबटायटल नव्हती. ती कामगिरी काकांची. सोव्हिएत देशात म्हणे परदेशी सिनेमा असाच दाखवत: एकच माणूस सगळ्या पात्रांची वाक्यं सपाट आवाजात म्हणून टाकतो. बाई रडली तरी सपाट, बाप मेला तरी सपाट. काका टीव्हीच्या शेजारी आमच्याकडे तोंड करून उभे राहायचे. हात पाठीमागे, डोळे मिटलेले, डोक्यावर कान झाकणारी फरची टोपी. पडद्याकडे ते कधी बघायचे नाहीत. पाठ होतं सगळं. पडद्यावर ओठ हलले की काका बोलणार.

"पुलाखाली सुरुंग पेरलाय. तुला कुणी पाहिलं का. नाही. चहा घे."

मी पहिल्या दिवशी हसलो. तिसऱ्या शनिवारी माझा चहा हातातच गार झाला होता. गोष्टच तशी होती. मेजर हा गुप्तहेर. वेश बदलून शत्रूच्या ताब्यातल्या गावात शिरतो. मालिकेचं नाव 'पहिली भट्टी'. काका सांगायचे, "भट्टी हा सांकेतिक शब्द आहे." मेजरच्या हातात कायम एक चामडी बॅग. तिच्यात गुप्त नकाशे. दर भागात तो एका मोठ्या दालनात उभा राहून घड्याळाकडे बघतो, कारण टाइम-बॉम्ब लावलेला असतो. पांढरा रुमाल डोक्याला बांधलेली एक बाई त्याला सामील. सातव्या भागात मिशीवाला लेफ्टनंट सुटकेस घेऊन सगळ्यांना मिठ्या मारतो आणि ट्रकमध्ये चढतो. काका सपाट आवाजात म्हणायचे, "तो मरायला निघालाय. आणि त्याला ते माहीत आहे." इथे बेसमेंटमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायचे. नवव्या भागात तोच माणूस पुन्हा दिसतो. काका डोळे न उघडता सांगायचे, "जुळा भाऊ. सूड घ्यायला आलाय." एका शनिवारी इथे टाळ्या पडल्या होत्या.

एकट्या काकूंचंच काही कळायचं नाही. त्या जिन्याजवळच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायच्या. लेफ्टनंट मरायला निघाला की सगळं बेसमेंट मुसमुसतंय आणि काकू पदर तोंडात कोंबून गदगदा हसतायत. उलट चौथ्या भागात ती रुमालवाली बाई मेजरला रेल्वेचं टाइमटेबल सांगते. "सहा दहा, मालगाडी. सात पंचवीस, पॅसेंजर, पुलावर चार मिनिटं थांबते. आठ चाळीस, दारूगोळा." यात रडण्यासारखं काय आहे? पण 'सात पंचवीस' आलं की काकूंच्या सुया थांबायच्या आणि त्या डोळे टिपायच्या. मला वाटायचं, माहेरचं कुणीतरी रेल्वेत असावं.

"हिला सस्पेन्स कळत नाही," काका म्हणायचे. "पण येते बिचारी दर वेळी."

शिवाय काकू त्या रशियन दुकानात कधी पाऊल टाकायच्या नाहीत. काका आत, काकू गाडीत. "मला त्या माशांचा वास सोसत नाही." काका आत जाऊन हव्या त्या वस्तूकडे बघत नुसते उभे राहायचे. दुकानदारीण दोन मिनिटांत घाबरून ती वस्तू पिशवीत भरायची.

आता यात अध्यक्ष आले. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे उत्साहाचा नुसता स्नोब्लोअर, बर्फ उडवायचं यंत्र. ज्या दिशेला तोंड, त्या दिशेला सगळे झाकले जाणार. काकांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. एका मंगळवारी दुपारी अध्यक्ष माझ्याकडे एक पुडकं घेऊन आले.

"सरप्राइज आहे. तू खाली राहतोस, लपवून ठेव. काकांची सिरीयल, डीव्हीडीवर! आणि विथ इंग्लिश सबटायटल्स! मुलांना मराठी कळत नाही ना रे. माझी मुलगी म्हणते, डॅड, दॅट अंकल जस्ट मम्बल्स. शनिवारी सगळ्यांना बोलावलंय, चाळीस लोक. काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि लगेच चौथा भाग. टेस्ट करून ठेव तेवढा."

मी टेस्ट केला. म्हणजे पॉपकॉर्न घेऊन बसलो. म्हटलं, आज मेजरचं बोलणं पहिल्यांदा अक्षरन्‌अक्षर कळणार.

कळलं.

मेजर मेजर नव्हता. तो अन्नखात्यातला तपासनीस होता. शत्रूचं गाव हे एक साधं गाव होतं, आणि ते मोठं दालन म्हणजे पावाचा कारखाना. गावातला पाव नीट फुगत नाही अशी तक्रार गेली होती, ती तपासायला हा माणूस आला होता. घड्याळाकडे बघत तो जे थांबायचा, ते पीठ फुगायची वाट बघत. बॅगेत नकाशे नव्हते, पाव फुगवायच्या विरजणाची बरणी होती. त्याच्या आईची, गावाकडची. मी पॉपकॉर्न खाली ठेवले आणि सातवा भाग लावला. मिशीवाला लेफ्टनंट हा कारखान्याचा हिशेबनीस होता. तो मरायला नाही, समुद्रकिनारी रजेवर निघाला होता. मिठ्या मारताना सांगत होता की आईने पोहायची चड्डी लोकरीची विणून दिलीय, आता ती घालून बुडालो तर सांभाळून घ्या. नवव्या भागात तो उन्हाने भाजून परत येतो. तोच. जुळा-बिळा काही नाही.

मी हसून हसून खुर्चीतून खाली आलो आणि जमिनीवरच एकदम थांबलो. लोकरीची चड्डी. तिथेच काकू हसायच्या.

धडपडत उठून चौथा भाग लावला. मेजर खिडकीशी. रुमालवाली बाई पाव भाजून थकून आलेली, टेबलाशी बसलेली. ती बोलायला लागली आणि खाली अक्षरं उमटली. वीस वर्षं मी सगळ्या गावाला पाव घातला, ती म्हणत होती, पण तू जेवलीस का, असं मला कुणी एकदासुद्धा विचारलं नाही. मेजर काहीच बोलत नाही. पाव कापतो. अर्धा तिच्यापुढे सरकवतो.

सात पंचवीस, पॅसेंजर, पुलावर चार मिनिटं थांबते.

मी वर गेलो. काकू परातीत कणीक मळत होत्या. काका डॉक्टरकडे गेले होते.

"काकू, तुम्हाला रशियन येतं?"

त्यांनी मळणं थांबवलं नाही. "पुडकं उघडलंस वाटतं."

"तुम्हाला माहीत आहे पुडक्याचं?"

"अध्यक्षांनी मला सरप्राइज सांगितलं, मग सरप्राइज गुप्त ठेवायला सांगितलं. अरे, लग्नानंतर सहा आठवड्यांत ह्यांनी मला मिरजेहून उचलून त्या बर्फात नेलं. हे दिवसभर कारखान्यात, सोबत दुभाषा. ह्यांना सहा शब्द यायचे. नट, बोल्ट, भट्टी, थांबवा, चालू करा, जेवणाची सुट्टी. मी पावाच्या रांगेत, दुधाच्या रांगेत, बटाट्यांच्या रांगेत. रांगेत बायका काय गप्प उभ्या राहतात होय? चार महिन्यांत मी भांडायला लागले."

"आणि काकांना पत्ता नाही?"

"मला घरची आठवण येऊन रोज रडू यायचं. आम्ही काही फारसं बोलायचो नाही, नवंनवं लग्न, ओळख ती कसली. मग एक दिवस हॉस्टेलच्या टीव्हीवर ही मालिका लागली, आणि हे म्हणाले, थांब, मी सांगतो काय चाललंय. त्या अकरा संध्याकाळींत हे जेवढं बोलले ना, तेवढं नंतर अकरा वर्षांत नाही बोलले. मी रडायची थांबले. म्हटलं, काय हुशार नवरा मिळालाय! दुसऱ्या हिवाळ्यात तीच मालिका पुन्हा लागली. तोवर मला सगळं कळायला लागलं होतं. पहिल्याच भागात म्हटलं, अगं बाई, हा तर पावाचा कारखाना!"

"मग सांगितलं नाहीत?"

"ह्यांचा मेजर नुकता पुलापर्यंत पोचला होता रे."

कणकेचा गोळा झाकून त्यांनी हात धुतले. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मला भाषा येते हे ह्यांना कळलं, की एवढी वर्षं आपण कुणासमोर काय बोलत होतो, हे कळेल. मग हे पुन्हा तोंड उघडणार नाहीत. ओळखते मी ह्यांना. मेजरसारखे खिडकीशी उभे राहतील. मग ह्यांच्या वतीने बोलायला मी दुसरा माणूस कुठून आणू?"

शनिवारला चार दिवस होते. मी कामाला लागलो. बुधवारी अध्यक्षांना फोन करून सांगितलं, डिस्कवर चरा आहे, चालत नाही. "डोन्ट वरी," अध्यक्ष म्हणाले, "मी दोन सेट मागवलेत. आयटीत आहे मी, बॅकअप असतोच." गुरुवारी मी सबटायटल बंद करायच्या मागे लागलो. रिमोटची सगळी बटणं दाबली, आणि एका बटणाने टीव्ही चिनी बोलायला लागला, पण ती अक्षरं काही हलेनात. चित्रातच कोरलेली होती. शुक्रवारी मी प्लेयरची वायर काढून बर्फात पुरली. शनिवारी अध्यक्ष स्वतःचा प्लेयर, स्वतःची वायर आणि एक जादा वायर घेऊन आले. त्या माणसाला चंद्रावर पाठवला असता तर एक सुटा चंद्र सोबत घेऊन गेला असता.

चाळीस लोक म्हणता म्हणता पंचावन्न झाले. जिन्यावर माणसं, माझ्या पलंगाच्या पाठीमागे माणसं, हीटरच्या खोलीत उभी माणसं. अध्यक्षांनी भाषण केलं. काकांच्या खांद्यावर मरून रंगाची, जरीच्या काठाची शाल घातली, हातात नारळ दिला. काका फरची टोपी, शाल आणि नारळ अशा अवतारात टीव्हीशेजारी उभे राहिले, म्हणाले, "आभार. शांतता," आणि डोळे मिटले. सरप्राइजचं पुडकं त्यांना दाखवायचं अध्यक्ष उत्साहाच्या भरात विसरले. दिवे मालवले.

पडद्यावर तपासनीस दालनात उभा. घड्याळाकडे बघतोय. बाई काहीतरी म्हणाली. खाली ठळक पांढरी अक्षरं: ब्रेडचं पीठ अजून फुगलं नाही.

काका सपाट आवाजात म्हणाले, "सुरुंग अजून तयार नाही. बॉम्बही नाही."

बेसमेंटमध्ये एक खुर्ची करकरली. तपासनीस काही म्हणाला. अक्षरं: मिठाचं प्रमाण कोण बघतं?

काका: "आपल्यात फितूर कोण आहे?"

मी आजूबाजूला पाहिलं. एका माणसाने चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा पुसला. कुणी हसत नव्हतं. हसू दाबताना माणसाचा खांदा जसा हलतो तसे मात्र पाच-सहा खांदे हलत होते. आणि काका डोळे मिटून, पंच्याहत्तर वर्षांच्या ताठ पाठीने, पुलाखाली सुरुंग पेरत होते. अजून पाच-सात मिनिटांत रुमालवाली बाई टेबलाशी बसणार होती.

इतक्यात पहिल्या रांगेतून अध्यक्षांची दहा वर्षांची मुलगी खणखणीत आवाजात म्हणाली, "डॅड, ही सेज बॉम्ब, बट इट सेज ब्रेड!"

काकांनी डोळे उघडले.

आणि काकू उठल्या. विणकाम खुर्चीवर ठेवलं, पंचावन्न माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत थेट पुढे गेल्या, काकांच्या खांद्यावरची शाल उतरवली, तिची लांब पट्टी केली, आणि आमच्या त्या जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीच्या खालच्या भागावरून आवळून मागे गाठ मारली. नवरदेवाला शेला बांधावा तशी. मग काकांच्या हातातला नारळ घेऊन टीव्हीच्या डोक्यावर ठेवला. अक्षरं शालीखाली गडप.

"हे काय?" काका म्हणाले.

"टीव्हीचा सत्कार," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं उभा आहे तुमच्या शेजारी. त्याला नको?"

काकांनी टीव्हीकडे पाहिलं, विचार केला आणि मान हलवली. "योग्य आहे."

अध्यक्ष अर्धे उठले. "पण काकू, मुलांसाठी सबटा..."

"ते खाली काहीतरी वळवळतं ना, त्याने मला ह्यांचं ऐकू येत नाही," काकू म्हणाल्या. "मुलांना मी सांगते. बसा तुम्ही."

अध्यक्ष बसले. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकूंनी त्या मुलीला जवळ ओढून मांडीशी बसवलं आणि तिच्या कानात कुजबुजायला लागल्या. काकांनी डोळे मिटले. "सहा दहा, मालगाडी. सात पंचवीस, पॅसेंजर, पुलावर चार मिनिटं थांबते." मुलीच्या केसांवरून फिरणारा काकूंचा हात थांबला.

मध्यंतरात मी मुलीला गाठलं. "काय सांगितलं आजीने?"

"शी टोल्ड मी बोथ."

"मग? कुठली आवडली?"

तिने चकली खात विचार केला. "द ब्रेड वन. बट विथ द बॉम्ब."

त्या पंचावन्न लोकांपैकी एकानेही पुढे कधी ही गोष्ट काकांच्या कानावर घातली नाही. वॉटर्लूतल्या मराठी माणसांनी एखादी गोष्ट पोटात ठेवल्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. इथे एरवी कुणी नवे विंटर टायर घेतले तर संध्याकाळपर्यंत पार लंडनपर्यंत, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनपर्यंत, बातमी जाते.

सगळे गेले. काकू वर उरलेलं श्रीखंड लोकांच्या डब्यांत भरत होत्या. मी खुर्च्यांच्या घड्या घालत होतो. डिस्क संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती, आवाज बंद होता. काका म्हणाले, "चल, शाल सोडू. घडी करून ठेवायला हवी," आणि टीव्हीमागे जाऊन त्यांनी गाठ सोडली.

शाल खाली पडली, तेव्हा पडद्यावर रुमालवाली बाई टेबलाशी बसत होती.

मी हातात खुर्ची घेऊन उभा. काका पुढे आले आणि वाचायला लागले. संपूर्ण प्रसंग वाचला. पाव कापून झाला, अर्धा सरकवून झाला. मग ते गप्प उभे राहिले. थर्मोस्टॅटच्या वेळेपेक्षा जास्त वेळ. मी कबूल करण्यासारखं काही उरलंय का ते मनात शोधत होतो.

"ही इथेच रडते ना रे?" काकांनी विचारलं.

"हो, काका."

"दर वेळी?"

"दर वेळी."

वरून डब्यांची झाकणं लावल्याचे आवाज येत होते. काकांनी छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "तू हे खालचं वाचलंस?"

"नाही काका. चष्मा नव्हता."

"तू चष्मा लावत नाहीस."

"म्हणूनच."

त्यांनी मान हलवली. वाकून शाल उचलली, तिची पुन्हा लांब पट्टी केली आणि टीव्हीला आवळून बांधली. काकूंपेक्षा घट्ट. नारळही जागेवर ठेवला आणि जिना चढून गेले.

तो आठवडा काका जवळजवळ बोललेच नाहीत. जेवताना गप्प, बर्फ काढताना गप्प. ड्राइव्हवेवर मध्येच थांबून शोव्हलवर हनुवटी टेकून उभे राहायचे. काकूंनी मला दोनदा विचारलं, "कुणी काही बोललं का ह्यांना?" मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते. कुणी बोललं नव्हतं. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहायच्या, हातातला ओला पेला तसाच.

पुढच्या शनिवारी पाचव्या भागाची पाळी होती. नेहमीचे वीस लोक जमले. टीव्हीला शाल तशीच बांधलेली होती. काका टोपी घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चौथाच पुन्हा." कुणी कारण विचारलं नाही. त्यांना कारण विचारायची पद्धत नव्हती.

सुरुंग तयार नव्हता, तो तयार झाला. फितूर कोण, ते ठरलं. मेजर खिडकीशी जाऊन उभा राहिला. रुमालवाली बाई टेबलाशी बसली. तिचे ओठ हलायला लागले, आणि काका बोललेच नाहीत. डोळे उघडे होते. जिन्याजवळच्या खुर्चीकडे बघत होते. तिथे सुया थांबल्या होत्या.

मग त्याच सपाट आवाजात, एकेक शब्द वेगळा करत, काका म्हणाले, "ती म्हणतेय. सगळ्यांना खायला घातलं मी. पण तू जेवलीस का, असं मला कुणी विचारलं नाही."

वीस माणसं टाइमटेबलची वाट बघत होती. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या, आणि काका तिथून नजर हलवत नव्हते. पडद्यावर पाव कापून होत आला होता.

काकूंनी नाक ओढलं, पदराने पुसलं आणि सुया पुन्हा हातात घेतल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "आणि मालगाडी?"

"हां," काका म्हणाले. टोपी सारखी केली, हात पाठीमागे घेतले, डोळे मिटले. "सहा दहा, मालगाडी. सात पंचवीस, पॅसेंजर. पुलावर..."

"चार मिनिटं," काकू म्हणाल्या.